टपावरचं भोक

आमच्या घरात नवीन वस्तू आली की तिच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असा एक अलिखित दंडक आहे. टीव्हीचा रिमोट आम्ही प्लॅस्टिकवरूनच दाबतो. मिक्सरला काम झालं की टोपडं घालतो. आणि गाडी घेतली तेव्हा तिच्या सीटांवरचं प्लॅस्टिक मी अख्खा एक उन्हाळा राखलं होतं. मे महिन्यात त्या सीटवरून उठताना पाठीपासून जो आवाज निघे, तो ऐकून शेजारच्या रिक्षातली माणसं वळून बघत. पण सीट नवी राहिली! वस्तू वापरावी, पण तिला ते कळू देऊ नये, ही आमची जीवननिष्ठा.

अशा माणसाने एके दिवशी उठून आपल्या धडधाकट गाडीच्या टपाला, बरोबर मधोमध, चार आण्याच्या नाण्याएवढं आरपार भोक पाडून घेतलं. (चार आणे २०११ साली चलनातून गेले. ज्यांनी ते पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच.) सोसायटीत ही बातमी पसरली तेव्हा दोन-तीन सद्गृहस्थ सहज म्हणून डोकावले आणि मला वगळून सौ.कडे माझ्या प्रकृतीची चौकशी करून गेले.

त्याचं असं झालं. निवृत्त झाल्यावर माणसाला एक तर अध्यात्म लागतं, नाहीतर बागकाम. मला हौशी रेडिओ लागला. इंग्रजीत ज्याला हॅम रेडिओ म्हणतात तो. बासष्टाव्या वर्षी मी केंद्र सरकारची परीक्षा दिली, पोलीस चौकशीला सामोरा गेलो ("काका, नक्की कशासाठी पाहिजे हे?"), आणि सगळे कागद रीतसर झाल्यावर मला व्हीयू३ ने सुरू होणारं एक नवं नाव मिळालं. बारशानंतर इतक्या वर्षांनी पुन्हा नाव मिळण्याचा आनंद काही वेगळाच. या मार्गातले माझे गुरुजी तार खात्यातून निवृत्त झालेले, वय वर्षं ८२. आपल्या देशातली तार २०१३ साली बंद झाली; गुरुजींची बोटं मात्र अजून टेबलावर कट्ट-कडकट्ट करतात.

"पण खिशात मोबाइल असताना हे कशाला?" असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. मोबाइलवर आपण ज्याला बोलवू तोच येतो. रेडिओवर जो असेल तो येतो. फरक एवढाच. हा फरक केवढा महाग पडतो, ते पुढे येईलच.

तर घरात सेट लागला, आता गाडीत हवा. हातातला छोटा सेट घेऊन मी गाडीत बसलो आणि अर्धा तास हाका मारल्या. कोणी ओ देईना. गुरुजी म्हणाले, "अहो, गाडी म्हणजे खिडक्या ठेवलेला लोखंडाचा डबा. डब्यात तोंड घालून ओरडलात तर ऐकणार कोण? अँटेना टपावर हवी."

मग त्यांनी शास्त्र समजावलं. आमची मंडळी ज्या पट्ट्यात बोलतात, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, तिथे तरंगाची लांबी सुमारे दोन मीटर. त्याच्या पाव हिश्शाची काठी पुरते, साधारण ४९ सेंटिमीटरची. पण ही काठी म्हणजे अर्धाच अँटेना! उरलेला अर्धा म्हणजे खालचा पत्रा. पाण्याच्या काठी उभ्या माणसाचं जसं पाण्यात उलटं प्रतिबिंब पडतं, तसं त्या काठीचं पत्र्यात प्रतिबिंब पडल्यासारखं होतं आणि दोन्ही मिळून काम चालतं. काठी मधोमध असली तर आवाज चारी दिशांना सारखा जातो. कोपऱ्यात बसवली तर ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला ओढा जास्त. हे ऐकून मला आमच्या ऑफिसातले जुने हेडक्लार्क आठवले.

"म्हणजे टपाला भोक?" मी विचारलं.

"उत्तम तेच. नाहीतर चुंबकावर बसणारी मिळते."

चुंबक! हा शब्द कानावर पडला आणि मला हायसं वाटलं. चुंबक हे मध्यमवर्गाचं तत्त्वज्ञानच आहे. चिकटून तर राहायचं, पण उद्या वेळ आली तर खूण न ठेवता सुटता आलं पाहिजे. आमच्या घराण्यात बहुतेक सगळी नाती, मैत्र्या आणि राजकीय मतं याच पद्धतीने टपावर ठेवली जातात.

सहा महिने मी चुंबकावर काढले. तार दाराच्या रबरातून आत घेतली होती, ती दर वेळी दारात चेंगरे. पुढे एकदा सोसायटीच्या गेटावर वाकलेल्या आंब्याच्या फांदीने अँटेना टपावरून खाली लोटली, आणि ती तारेला लोंबकळत दारावर टण्‌टण्‌ आपटत माझ्याबरोबर थेट भाजी मंडईपर्यंत आली. लोकांनी वाट दिली. त्यांना वाटलं, कल्हईवाला आला. घरी येऊन पाहतो तो दारावर पाच पोचे, आणि टपावर चुंबकाच्या जागी एक वर्तुळ. चुंबकाखाली धूळ बसते, चुंबक किंचित सरकतं आणि रंग घासला जातो. गाडीला ओरखडा नको म्हणून सहा महिने जपलं, आणि ओरखडे मोजायला बसलो तर बोटं पुरेनात.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. आमचा मिस्त्री चार शब्दांचा माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, गाडीला काही झालंय का?"

"नाही."

"मग भोक कशाला?"

जन्मभर ऑफिसात उत्तरं दिलेल्या माझ्याजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हतं. न झालेल्या रोगावर ऑपरेशन करून घेणाऱ्याकडे डॉक्टरने बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

सौ. टेप घेऊन आली होती, ब्लाउज मापायची. तिने टपाचा मध्य काढून दिला आणि एकच वाक्य बोलली, "अहो, पाऊस आत येईल." मिस्त्रीने आतला दिवा काढला, छताचं कापड हलकेच खाली ओढलं, वरच्या पत्र्याखाली आडवी पट्टी जात नाही ना ते चाचपलं, आणि खुणेवर पंच ठोकला. मग ड्रिलला गोल करवत लावून त्याने मला तीन वेळा विचारलं, "पाडू?" तिसऱ्यांदा "पाड" म्हणताना मी डोळे मिटले. मुलीच्या कानटोचणीला मी असाच बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आवाजाचं वर्णन करत नाही. पत्र्याची एक चकती माझ्या तळहातावर पडली, गरम होती. नेमकी चार आण्याएवढी. मिस्त्रीने लोखंडाचा कीस वेचून काढला, कारण तो राहिला तर गंजतो. कडेला गंजरोधक लावलं, पत्र्याच्या खालच्या बाजूचा रंग खरवडून धातूला धातू भिडवला, वर रबरी चकती बसवून तळ आवळला, आणि तार खांबाच्या आतून एअरबॅगला चुकवून डॅशबोर्डपर्यंत नेली. मग मीटर लावून काठी जुळवायची. आपण पाठवलेल्यापैकी किती बाहेर गेलं आणि किती साभार परत आलं, हे तो मीटर सांगतो. आकडा १ आला तर स्वर्ग, दीडपर्यंत संसार, आणि ३ च्या वर गेला तर परत आलेल्या शक्तीने आपलाच सेट जळायची भीती. काठी लांब असेल तर मिलिमीटर मिलिमीटर कापायची. कापलेलं परत लावता येत नाही, म्हणून हे काम घाईच्या माणसाने करू नये. आमचा आकडा १.२ वर थांबला. संसारापेक्षा बरा.

आणि काय सांगू! टेकडीवर आमच्या मंडळींचा एक रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे चाळीच्या कोपऱ्यावरची आजी. एका कानाने ऐकायचं आणि त्याच क्षणी मोठ्या आवाजात चार गल्ल्यांना सांगायचं. त्या आजीपर्यंत माझा आवाज आता शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून खणखणीत पोचू लागला. रस्त्यावर मानही वाढला. मॉलचा वॉचमन सलाम ठोकू लागला, चौकातला हवालदार काठीकडे बघून किंचित सावरू लागला. मी कुठल्या खात्याचा, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हा अप्रामाणिकपणा आहे हे मला कळत होतं. आवडतही होतं.

मी बोलू लागलो. नोकरीत बोलायला साहेब देत नसे, घरात टीव्ही देत नसे. इथे बटण दाबलं की मैदान माझं. सिंहगड रस्त्यावरची गर्दी, कांदाभज्यांना लागणारं पीठ, गुडघेदुखीवरचे उपाय, कशावरही मी बोले. आणि या यंत्रात एक गंमत आहे. बटण दाबलेलं असेपर्यंत आपण फक्त बोलतो. ऐकू येणं बंद! पाठवायला आणि घ्यायला काठी एकच, आणि एका वेळी तिचं एकच काम. विक्रम राजाचं वेताळाशी काय ठरलं होतं? तोंड उघडलंस की मी चाललो. इथेही तसंच. तुम्ही तोंड उघडलं की सगळं जग झाडावर परत.

या दुहेरी बोलण्याला इतिहास आहे. १९२८ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवला, पण तो एकेरी होता. ठाण्यातून हुकूम यायचा आणि गाडीतल्यांनी तो ऐकायचा. उत्तर द्यायचं तर उतरून टेलिफोन शोधायचा. गाडीतून उलट बोलायची सोय झाली ती १९३३ साली, न्यू जर्सीतल्या बेयॉन गावी. त्या पाच वर्षांतल्या हवालदारांबद्दल मला फार आपुलकी वाटे. मात्र मी स्वतः त्यांच्या अगदी उलट टोकाचा एकेरी रेडिओ झालो होतो, हे माझ्या ध्यानात यायला एक जुलै महिना यावा लागला.

संध्याकाळची वेळ, पाऊस कोसळत होता, कात्रजच्या चौकात वाहनं जागच्या जागी थिजली होती. मी बटण दाबलं आणि मंडळींना पावसाचं वर्णन ऐकवायला सुरुवात केली. पावसावरून वरंधा घाटावर गेलो, घाटावरून एका सहलीवर, सहलीवरून झुणक्यावर. मध्ये श्वासापुरतं थांबत होतो, पण बटण काही सोडत नव्हतो, न जाणो दुसरा कोणी घुसायचा! एकदाचं "ओव्हर" म्हणून बोट उचललं. लगेच गुरुजींचा आवाज आला. नेहमीचा मिश्कील नाही, तार खात्यातला. "सगळ्यांनी थांबा. ज्याचा बारीक आवाज येतोय, त्याने बोला."

भोरच्या पुढे आमच्यातला एक तरुण मुलगा गाडी बंद पडून अडकला होता. बरोबर आई, तिची साखर एकदम उतरलेली, हातापायांना कंप, मोबाइलला रेंज नाही. हातातल्या छोट्या सेटवरून तो हाका मारत होता. चार मिनिटं.

मी बोलत असताना त्या हाका गेल्या कुठे? आमच्या प्रकारच्या रेडिओत दोघं एकदम बोलले तर ज्याचा जोर जास्त तो दुसऱ्याला गिळतो. मधोमध बसवलेली, १.२ वर जुळवलेली माझी अँटेना त्या मुलाच्या वीतभर रबरी काठीवर बसली होती. माझ्या झुणक्याखाली काहीतरी खरखरतंय, हे गुरुजींच्या मुरलेल्या कानाने टिपलं होतं. पण ते मला सांगणार कसे? मला ऐकूच येत नव्हतं. वाटेवरचे सगळे ऐकत होते. बहिरा एकटा मी होतो, आणि बोलत होतो मीच.

पुढे सगळं ठीक झालं. गुरुजींनी भोरच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, अर्ध्या तासात गाडी पोचली, माउली साखरपाण्याने सावरली. दुसऱ्या दिवशी तो मुलगाच मला म्हणाला, "काका, काही नाही हो, चारच मिनिटं उशीर." मला कोणी बोल लावला नाही, आणि तेच मला सहन होईना. बोल लावला असता तर निदान मी वाद घातला असता.

कारण माझी बाजू तशी भक्कम होती. मला ऐकू आलं नाही. जे ऐकलंच नाही त्याचा दोष कसला? आपल्याकडे पाप जाणूनबुजून केल्याने जास्त लागतं म्हणतात. मी तर अजाण होतो! दोन रात्री मी अंथरुणात पडून स्वतःचं वकीलपत्र चालवलं. तिसऱ्या रात्री केस हरलो. मला ऐकू आलं नाही हे खरं, पण ऐकू न येण्याचं बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं. ज्याच्या टपाला अँटेनाच नाही, त्याने "मला कळलं नाही" म्हणावं. पाऊण इंचाचं भोक पाडून, पत्रा खरवडून, साऱ्या मुलखाचं ऐकू येण्याची सोय केल्यावर ते म्हणायचा अधिकार आपण मिस्त्रीच्या दुकानातच ठेवून येतो. ऐकायची सोय केली की ऐकायचं कर्जही डोक्यावर बसतं. पण कर्जाची ही अट त्या यंत्राबरोबरच्या पुस्तकात कुठेच छापलेली नसते.

गुरुजींनी उपदेश केला नाही. फक्त एक जुना रिवाज सांगितला. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच बटण दाबायचं नाही, मनात दोन आकडे मोजायचे. ती जागा कोणासाठी असते? "जो आपल्याला माहीत नाही त्याच्यासाठी," ते म्हणाले. मग मला कळलं की १९९३ च्या लातूरच्या भूकंपात, २००१ साली भुजला, या हौशी मंडळींनी निरोप पोचवले ते याच मोकळ्या जागेतून. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हौशी रेडिओवाल्या बाई पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून क्वचितच कोणी बोलतं, म्हणून जगभरचे हौशी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला रांग लावून होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि ती रांग थांबवून बाईंनी वाचलेल्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पाठवायला घेतले. रांगेतल्यांना तेव्हा करण्यासारखं सगळ्यांत मोठं काम एकच होतं, गप्प बसणं. आयुष्यात गप्प बसण्यालाही कार्य म्हणता येतं, हे कोणी मला शाळेत सांगितलं असतं तर माझा वर्तणुकीचा शेरा सुधारला असता.

आता मी दोन आकडे मोजतो. सुरुवातीला फार जड गेलं. एक आणि दोन यांच्यामध्ये किती बोलावंसं वाटतं, ते करून बघा. बहुतेक वेळा त्या जागेतून काही येत नाही. क्वचित कुणाचा बारीक आवाज येतो, आणि बहुधा काम क्षुल्लकच असतं: वेळ काय झाली, नाहीतर "माझा आवाज येतोय का?" एवढंच. हा दुसरा प्रश्न फार जण विचारतात. तो यंत्राबद्दल असतो असं मला पूर्वी वाटे.

सवय मग घरातही आली. एकदा जेवताना सौ.चं वाक्य संपलं आणि मी मनात एक, दोन केलं. तिने वाढता वाढता डाव खाली ठेवला आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी आणखी एक-दोन मोजले. तेव्हा ती म्हणाली, की गेला जिना-दोन जिने चढताना तिला दम लागतो, दिवाळीपासून. तीनदा सांगायला घेतलं होतं, म्हणाली. तेव्हा मी कशावर बोलत होतो ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्त कमी होतं, गोळ्यांनी आता बरी आहे. भोकातून पाऊस आत येईल असं ती म्हणाली होती. चार पावसाळे झाले, थेंब आलेला नाही. माणसं आली. तिच्यासकट.

गेल्या महिन्यात जावयांच्या आग्रहावरून जुनी गाडी देऊन नवी घ्यायचं घाटलं. दुकानाचा मुलगा कागद घेऊन गाडीभोवती फिरला. दारावरचे पोचे लिहिले, टायर लिहिले, मग काठी काढायला लावून वाकून बघितलं आणि दोषांच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, "छताला भोक, एक." किंमत भराभर खाली आली. मी चकती अजून पाकिटात ठेवली आहे, ती त्याला दाखवली. त्याने ती चार आणे समजून परत दिली.

घरी येताना सौ.ने विचारलं, "नव्या गाडीलाही पाडणार?"

नव्या गाडीच्या सीटांवर कोरं करकरीत प्लॅस्टिक असणार, हे मला दिसत होतं. उत्तर तोंडावर आलं होतं, लांबलचक, पाच मुद्द्यांचं. पण मी मनात म्हटलं, एक, दोन.

"पाडा," तीच म्हणाली. "फक्त टेप मी आणते. मध्य तुम्हाला काढता येत नाही."